काष्ठवस्तू, त्यांची नावे आणि त्यांचा मान : उत्तर कोकणासंबंधी एक विचार

मुंबईच्या उत्तर उपनगरातील कांदिवली हे स्थान विद्वानांच्या लेखनात प्रथम आले ते दगडामुळे. आकुर्लीनजीकच्या पडण टेकडीवर खडकात कोरलेली पावले व अक्षरे आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपारा व पडण येथील अवशेषांवर लिहिलेल्या निबंधात त्यांचा परामर्श घेतला. पुढे ले. कमांडर के. आर. यू. टॉड यांनी मुंबईच्या आसपासच्या अश्मयुगीन मानवाविषयी १९३२ व १९३९ साली निबंध प्रसिद्ध केले आणि कांदिवलीच्या खडीच्या थरांत सापडलेल्या हत्यारांमुळे या गावाचे नाव भारतीय प्रागितिहासाच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले. त्याआधीच्या दशकात बॅकबेची भर घालण्यासाठी दगडमाती नेली गेली तीही कांदिवलीच्या खाणीतूनच. सारांश, या परिसराचा जो इतिहास आज उपलब्ध आहे तो बहुतांशी दगडाचा इतिहास आहे.

परंतु ज्या माणसांनी या टेकड्यांच्या आसऱ्याने शतकानुशतके वस्ती केली, त्यांच्या जीवनात दगडापेक्षा लाकूड, बांबू, भोपळा व पान यांचा वापर कितीतरी अधिक होता. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांचे घर, शेत, देवस्थान आणि उत्सव ही सर्व काष्ठवस्तूंनी भरलेली असत. त्यांतील जुने असे आज फारच थोडे हाती लागते. कोकणातील चार महिन्यांचा पाऊस आणि उरलेल्या आठ महिन्यांतील वाळवी यांच्यापुढे साग थोडा काळ टिकतो. उंबर, सावर, पांगारा ही हलकी लाकडे तेवढाही टिकत नाहीत. म्हणून या वस्तूंचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला उत्खननाची वाट बंद आहे. त्याला दुसरी वाट शोधावी लागते आणि ती शब्दांची आहे. वस्तू कुजते, तिचे नाव, त्या नावाबरोबर येणारे क्रियापद आणि ती वस्तू हाताळण्याचा अधिकार दर्शविणारा शब्द हे मात्र पुष्कळदा वस्तूपेक्षा अधिक काळ जगतात.

प्रथम नित्य वापरातील वस्तू घेऊ. भात कांडण्याचे ‘उखळ’ हे संस्कृत ‘उलूखल’चे रूप होय. हा शब्द ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातच येतो. तथापि तो मूळचा आर्य नसावा असे मानणारा अभ्यासकांचा एक पक्ष आहे व त्यासाठी मुसळ या अर्थाच्या तमिळ ‘उलक्कै’शी तो ताडून पाहण्यात आला आहे. ‘सूप’ हे ‘शूर्प’पासून आणि ‘जाते’ हे ‘यंत्र’पासून आले. यंत्र म्हणजे जाते ही व्युत्पत्ती विद्यार्थ्यांस प्रथमदर्शनी गमतीची वाटते. परंतु घरातील एकमेव फिरते साधन तेच होते हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्यात नवल राहत नाही. पीठ मळण्याच्या लाकडी पात्रास ‘काथवट’ म्हणत. त्यातील ‘काथ’ म्हणजे ‘काष्ठ’. या काथवटीची जागा ज्या धातूच्या ताटाने घेतली त्या ‘पराती’चे नाव पोर्तुगीजांकडून आलेले आहे. मराठी स्वयंपाकघरात लाकूड मागे हटून धातू पुढे आल्याची ही घटना कोणत्याही बखरीत नमूद नाही. ती या दोन शब्दांच्या अदलाबदलीत मात्र स्वच्छ दिसते.

वस्तू गेल्या तरी त्यांच्यावर आधारलेले वाक्प्रचार शिल्लक राहिले. कांदिवलीच्या सदनिकेत राहणारा मनुष्य आज एखाद्याचे ‘उखळ पांढरे झाले’ असे सहज म्हणतो किंवा ‘मुसळ केरात’ म्हणून हसतो. उखळ पांढरे होते ते तांदळाच्या कोंड्याने, आणि ज्याच्या घरी ते नेहमी पांढरे असते त्याच्या घरी भाताला तोटा नाही, हा मूळ अर्थ त्याच्या मनात क्वचितच उमटत असेल. पण लग्नघरी घाणा भरण्याचा विधी होतो तेव्हा हेच मुसळ आंब्याच्या डहाळ्या बांधून सुवासिनींच्या हाती येते आणि जात्याची पूजा होते. नित्याची वस्तू व विधीची वस्तू असा जो भेद वस्तुसंग्रहालये करतात, तो अशा वेळी टिकत नाही. एकच मुसळ वर्षभर भात कांडते आणि एक दिवस पूजा घेते.

खांबाच्या बाबतीत हा विचार आणखी पुढे नेता येतो. लग्नमंडपाचा पहिला खांब, जो अनेक ठिकाणी उंबराच्या फांदीचा असतो, त्यास ‘मुहूर्तमेढ’ म्हणतात. यातील ‘मेढ’ हा संस्कृत ‘मेथि’ अथवा ‘मेढि’ या शब्दाचा वंशज होय. आणि मेथि म्हणजे खळ्याच्या मध्यभागी रोवलेला, ज्याभोवती बैल फिरवून मळणी होते तो खांब. म्हणजे धान्याच्या खळ्यातील खांब लग्नाच्या मंडपात आला, आणि तेथून ‘अमुक संस्थेची मुहूर्तमेढ रोवली’ अशा आजच्या वृत्तपत्रीय वाक्यात. मूळ खांबाचे लाकूड केव्हाच जळाले किंवा कुजले. तो दरवर्षी, दर लग्नाला नवा उभा राहिला. खांब जुना असण्याला येथे काहीच महत्त्व नाही. तो योग्य प्रसंगी, योग्य झाडाचा आणि योग्य हातांनी रोवलेला असावा, एवढीच अपेक्षा असते.

वारल्यांच्या वाघदेवाकडे या दृष्टीने पाहिले असता काही गोष्टींचा उलगडा होतो. डहाणू-जव्हारच्या बाजूला आणि डांग-सुरगाण्याच्या जंगलपट्टीत वाघदेव म्हणून सागाची फळी किंवा खांब उभारलेला आढळतो. त्यावर वाघ, नाग, सूर्य व चंद्र कोरलेले असतात. कोरणी खोल नसते; बाह्यरेषा मोकळी करून आकृती किंचित उठावाने ठेवण्याची पद्धत असते आणि शेवटी शेंदूर लागतो. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी वारली व कातोडी या जमातींविषयीचा आपला वृत्तांत १८४३ साली प्रसिद्ध केला. त्यात वारल्यांच्या ‘वाघ्या’ या देवाचे वर्णन आहे. पण तो वाघ्या म्हणजे शेंदूर फासलेला अनघड दगड आहे. कोंबडे, बकरे, नारळ व तेल त्याला मिळते आणि त्याने वाघापासून रक्षण करावे, पीक चांगले द्यावे, रोग दूर ठेवावा, अशी अपेक्षा असते. (या वाघ्याचा खंडोबाच्या वाघ्याशी संबंध जोडण्याचा मोह होतो, नामसादृश्यावर एवढा भार टाकणे शास्त्रास धरून होणार नाही.) विल्सनच्या वृत्तांतातील अनघड दगड आणि आज दिसणारी कोरीव फळी यांच्यातील अंतर पाहून कोणी असे म्हणेल की, कोरीवकाम मागाहून आले. परंतु तसा निष्कर्ष अनिवार्य नाही. साग मुबलक होता तेथे फळी, नव्हता तेथे दगड, असेही असू शकते. देवाचे ‘देवपण’ दोन्हीकडे सारखेच मानले जात होते, आणि वारली मनुष्य त्या फळीला मूर्ती म्हणत नाही, ‘वाघदेव’ म्हणतो, ही बाब येथे अधिक बोलकी आहे.

के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ साली निघाला. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा वेठीविरुद्धचा उठाव सुरू झाला हा निव्वळ योगायोग होय. पण दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्याखेरीज त्या काळच्या वारली पाड्याचे चित्र पुरे होत नाही. ज्याच्या श्रमावर दुसऱ्याचा अधिकार आणि ज्याच्या रानावर सरकारचा अधिकार, त्याने आपला देव कोणत्या लाकडाचा घडवावा हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत रानाच्या हक्कांवरून एवढा असंतोष माजला की, मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. सागाची तोड बंद झाल्यावर खेड्यातल्या माणसाला औत, घर आणि देव या तिन्हींसाठी एकाच दारात अर्ज करावा लागे. काष्ठवस्तूंच्या इतिहासात या कारणाची दखल फारशी घेतली जात नाही. शैली बदलली, आकार आखूड झाले, साग जाऊन हलके लाकूड आले, असे निरीक्षण नोंदविणाऱ्याने वनखात्याची नियमावलीही उघडून पाहिली पाहिजे.

बोहाड्याचे उदाहरण सर्वांत संपन्न आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि त्यालगतच्या नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांत होळीपासून वैशाखापर्यंत गावोगाव बोहाडा होतो. त्यालाच कोठे ‘भवाडा’ म्हणतात. संबळाच्या व सनईसारख्या वाद्याच्या नादावर, पूर्वी टेंभ्यांच्या आणि आता विजेच्या उजेडात, देवादिकांची व राक्षसांची सोंगे एकामागून एक रात्रभर नाचत येतात. गणपती व शारदा आरंभी येतात. रामायण-महाभारतातली पात्रे, रावण, वेताळ ही मधल्या वेळात. आणि पहाटेच्या सुमारास देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. लाकडी मुखवट्यास उंबर, सावर, पांगारा अशी हलकी लाकडे पसंत करतात, कारण ते डोक्यावर धरून नाचावयाचे असते. वाकसाने बाहेरचा आकार काढून पटाशीने आतली बाजू पोखरतात. आतली बाजू जितकी पातळ तितका मुखवटा चांगला, पण फार पातळ झाला की उन्हात तडकतो.

आता शब्दाकडे वळू. बोहाड्यात या वस्तूला ‘मुखवटा’ म्हणण्यापेक्षा ‘सोंग’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘सोंग’ या एका शब्दात लाकडी चेहरा, तो धारण करणारा मनुष्य, त्याचे नाचणे आणि ज्या देवतेचे ते रूप आहे ती देवता, हे चारही अर्थ एकवटलेले असतात. नागर मराठीत ‘सोंग घेणे’ म्हणजे ढोंग करणे. ‘झोपेचे सोंग’ हे त्याचे ठळक उदाहरण. बोहाड्यात मात्र सोंग ‘आणतात’ आणि ‘नाचवितात’. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ या म्हणीत हेच जुने क्रियापद टिकून राहिले आहे. म्हण शहरात आली, तिच्यामागचा प्रसंग डोंगरातच राहिला. शब्दार्थाची जी अवनती येथे दिसते तिचा सामाजिक अर्थ असा की, एका समाजाची आराधना हे दुसऱ्या समाजाच्या भाषेत ढोंगाचे नाव झाले. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात वारली व कातकरी बोलींचे नमुने आहेत, परंतु त्या सर्वेक्षणाचे मुख्य प्रयोजन बोलींचे वर्गीकरण हे होते. वस्तू आणि विधी यांचा शब्दसंग्रह त्यातून मिळेल अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. मोल्सवर्थच्या कोशात सुताराची हत्यारे सापडतात; सुतार नसलेल्या वारल्याने कोयत्याने व कुऱ्हाडीने घडविलेल्या वस्तूंना काय म्हणत, ते तेथे शोधणे बहुधा व्यर्थ आहे.

सोंगाशी निगडित दुसरा शब्द ‘मान’ हा होय. अमुक सोंग आणण्याचा मान अमुक घराण्याचा, अशी परंपरा अनेक गावी आहे. मुखवटा जुना होऊन फुटला तर नवा घडविला जातो. घडविणारा वेगळा असू शकतो, रंग वेगळा असू शकतो. परंतु मान हलत नाही. मराठी मुलखाला ही कल्पना नवीन नाही. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, पालखीला खांदा प्रथम कोणी द्यावयाचा, यांवरून झालेल्या तंट्यांनी मराठेशाहीतील महजर भरलेले आहेत. मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा १९५३ चा ग्रंथ वाचणाऱ्यास वतन व मानपान हे किती गंभीर हक्क होते ते सहज पटेल. तेथे भांडण वस्तूच्या मालकीचे नसून वस्तूला हात लावण्याच्या क्रमाचे असे.

या ठिकाणी एका दूरच्या समाजाशी तुलना उपयुक्त ठरते. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, अलास्काच्या आग्नेय भागातील पावसाळी अरण्यांत राहणारे त्लिंगित लोक त्यांच्या देवदाराच्या कोरीव खांबांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांच्याकडेही पाऊस भरपूर आणि लाकूड नाशवंत. रोजच्या वापरातील वस्तूही ते कोरतात. हॅलिबट मासा धरण्याच्या लाकडी गळावर आकृती असतात, रानबकऱ्याच्या शिंगाच्या चमच्यांच्या दांड्यांवर कुलचिन्हे असतात, आणि एकाच फळीला खाचा पाडून ती वाफेवर वाकवून केलेल्या पेट्यांवर डोळ्यांसारखे आकार रंगविलेले असतात. कोकणातील नित्याच्या वस्तू साध्या आणि विधीपुरत्या सजविलेल्या. त्लिंगितांच्या नित्याच्या वस्तूही कोरीव. हा फरक मोठा आहे व तो लपविण्यात अर्थ नाही. साम्य आहे ते हक्काच्या कल्पनेत.

हा समाज मातृवंशीय असून डोमकावळा आणि गरुड (अथवा लांडगा) अशा दोन अर्धांत विभागलेला आहे. कुळाच्या खांबाचे काम परंपरेने विरुद्ध अर्धाच्या माणसांकडे जाते आणि त्याचा मोबदला मोठ्या समारंभात सर्वांसमक्ष दिला जातो. असा मोबदला देऊन मिळविलेल्या व कुळाने धारण केलेल्या गोष्टीस त्यांच्या भाषेत ‘अत-ऊव’ म्हणतात. मिळविलेली, विकत घेतलेली वस्तू असा त्याचा शब्दार्थ होतो. हा शब्द टोपीला लागू पडतो, तसाच गीताला, व्यक्तिनामाला, कथेला आणि भूभागालाही लागू पडतो. आपला ‘मान’ आणि त्यांचा ‘अत-ऊव’ यांचे क्षेत्र एक नाही. मानात मोबदल्याची कल्पना नाही, अत-ऊवमध्ये ती मध्यवर्ती आहे. मात्र लाकूड आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहण्याची दृष्टी दोन्ही शब्दांत आहे.

ती दृष्टी नसलेल्यांनी काय केले ते सर्वश्रुत आहे. १८९९ साली सिअॅटल शहरातील काही प्रतिष्ठितांनी टाँगस येथील वस्ती ओसाड समजून तेथील एक खांब उचलून नेला व आपल्या चौकात उभा केला. त्याच वर्षी हॅरिमन यांच्या शास्त्रीय मोहिमेने केप फॉक्स येथील गावातून अनेक खांब व वस्तू नेल्या. गाव रिकामे होते, कारण रहिवासी दुसरीकडे वस्तीला गेले होते. त्यांनी आपला हक्क सोडला होता असे नव्हे. सिअॅटलचा खांब १९३८ साली आगीत सापडला आणि १९४० साली त्याच्या जागी त्लिंगित कारागिरांनी घडविलेली प्रतिकृती उभी राहिली. केप फॉक्सच्या वस्तू संग्रहालयांनी २००१ साली परत केल्या. अमेरिकेत १९९० साली झालेल्या कायद्याने अशा परतीची वाट मोकळी झाली होती. परतीच्या वेळी केप फॉक्सच्या लोकांनी संग्रहालयांना नवे खांब कोरण्यासाठी देवदाराची झाडे भेट दिली. हा उदारपणा शक्य झाला याचे एक ठोस कारण आहे. १९७१ च्या अलास्का जमीन-निवाडा कायद्याने स्थापन झालेल्या त्यांच्या महामंडळाकडे स्वतःचे अरण्य होते.

आणखी एक प्रसंग उल्लेखनीय आहे. स्मिथसोनियन संस्थेने एका कुळाची ऑर्का जातीच्या देवमाशाच्या आकाराची लाकडी टोपी २००५ साली परत केली. पुढे त्याच कुळाच्या संमतीने त्या टोपीचे यांत्रिक मोजमाप घेऊन संस्थेने २०१२ साली हुबेहूब प्रतिकृती तयार केली व ती प्रदर्शनासाठी ठेवली. मापाने दोन्ही टोप्या सारख्या. तरी एक अत-ऊव आहे आणि दुसरी नाही, याविषयी उभयपक्षी संदेह नाही. संग्रहालयाच्या नोंदपत्रिकेत आकार, लाकूड, रंग, लांबी-रुंदी असे रकाने असतात. या दोन टोप्यांमधील फरक त्यांपैकी कोणत्याच रकान्यात लिहिता येत नाही.

आपल्याकडील नोंदपत्रिकांची स्थिती याहून निराळी नाही. पुण्यात १९६२ साली आदिवासी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिच्या संग्रहालयात अशा वस्तूंचा संचय आहे. डॉ. दिनकर केळकर यांनी एकट्याच्या चिकाटीने जमविलेला आणि १९७५ साली शासनास अर्पण केलेला दिवे-अडकित्त्यांचा संग्रहही याच शहरात आहे. ही दोन्ही कामे मोलाची आहेत. परंतु ‘मुखवटा, लाकडी, जि. ठाणे’ अशी नोंद कोठेही वाचली की अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : हे सोंग कोणाचे, ते आणण्याचा मान कोणत्या घराण्याचा, आणि ते गावातून निघाले तेव्हा त्याच्या जागी दुसरे घडविले गेले काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर संग्रहालयातील वस्तू हे जुने लाकूड होय व गावाचे काही गेलेले नाही. ते नकारार्थी असेल तर गावाचा बोहाडा त्या एका सोंगाने उणा झाला आहे. नोंद करताना गावकऱ्यांच्या तोंडचे क्रियापदही लिहून घ्यावे. ‘घातले’, ‘आणले’, ‘नाचविले’, ‘बसविले’ यांपैकी कोणते वापरले यावरून वस्तूचा दर्जा ठरतो, आणि ही माहिती सांगणारी पिढी वयस्क आहे.

वारली चित्रकलेला जी कीर्ती मिळाली तिने या प्रश्नावर थोडा पडदाच टाकला आहे. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी आणि जिव्या सोमा मशे यांच्या प्रतिभेने लग्नचौकातील आकृती भिंतीवरून कागदावर आल्या. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्र कागदावर नेता आले, कारण कागद विकत मिळतो. खांबाला झाड लागते.

कांदिवली-बोरिवलीच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत व लगत वारल्यांचे पाडे आजही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये उद्यानातील झाड तोडणे निषिद्ध आहे, आणि बिबट्याच्या रक्षणासाठी हा निर्बंध आवश्यकच आहे. त्याच बिबट्याला पाड्यावर वाघोबा म्हणतात. वन्यजीव-अभ्यासकांनी मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील वाघोबाच्या स्थानांचे सर्वेक्षण केले व त्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दीडशे स्थाने नोंदली आहेत. काही स्थानी विल्सनने वर्णिला तसा शेंदरी अनघड दगड आहे. काही ठिकाणी सिमेंटचा, पिवळ्या रंगावर काळे पट्टे ओढलेला वाघ बसविलेला आहे. वाघबारशीला नारळ आणि कोंबडे दोन्हींपुढे येते, आणि दोन्हींचे नाव एकच घेतात.